शंभरदा वाजलेली घंटा

सप्रेम नमस्कार,

माझं वय ७३. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. पत्नी चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून मुलगा, सून आणि दोन नातवंडांबरोबर शहरात राहतो. नात १३ वर्षांची, नातू ९ वर्षांचा. घरातल्या कुणाबद्दल तक्रार करावी असं काही नाही.

माझं लहानपण एका लहानशा गावात गेलं. ना धड खेडं, ना धड शहर. एक शाळा, एक स्टेशन, दिवसातून दोनदा येणारी गाडी. आम्ही तीन भावंडं. रात्री सगळे एकत्र बसले की मला त्या दिवसांतलं काहीतरी सांगावंसं वाटतं. सहावीत असताना मी शाळेची घंटा भलत्याच वेळी वाजवून अख्खी शाळा तासभर आधी सोडली होती. ही माझी आवडती गोष्ट. त्या दिवशी वडिलांनी चांगलं बडवलं, त्या मारामुळेच मी आयुष्यात सरळ चाललो, असं मी शेवटी सांगतो. परवा ती सुरू केली तर मुलगा म्हणाला, "बाबा, ही शंभरदा झाली." नातीने कानात हेडफोन घातले. पूर्वी ती ऐकायची. एकदा तर मध्येच विचारत होती, घंटा कशाची होती, कुठे टांगलेली होती. मी म्हटलं, मध्ये बोलू नकोस, पुढची गंमत ऐक. आजकालच्या मुलांना कशाचं कुतूहलच नाही.

म्हटलं, लिहून ठेवावं. दोनशे पानी वही आणली. 'माझा जन्म एका सामान्य कुटुंबात झाला' अशी सुरुवात केली आणि चौथ्या पानावर अडकलो. धाकट्या भावाला फोनवर ती चार पानं वाचून दाखवली, तर तो म्हणतो, "दादा, घंटा तू नाही, मी वाजवली. मारही मीच खाल्ला." तीन आठवडे झाले, आम्ही बोललेलो नाही.

आणखी एक आहे. आमची ताई. तिने स्वतःच्या मर्जीने लग्न केलं म्हणून वडिलांनी तिचं नाव टाकलं. तिची पत्रं यायची. वडिलांच्या सांगण्यावरून मी ती न फोडता पोस्टमनला परत करायचो. तेव्हा मी १६ वर्षांचा होतो. ताईला जाऊन ११ वर्षं झाली. तिची मुलगी आहे, लग्नाकार्यात भेटते. हे वहीत लिहावं का? आपले आजोबा असे होते हे नातवंडांना कळावं का?

आणि खरं सांगा, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणं हे डोकं कमी चालायला लागल्याचं लक्षण आहे का?

– एक आजोबा

काका, नमस्कार.

तुम्ही सही 'एक आजोबा' अशी केलीत, पण माझीही पन्नाशी उलटली आहे, तेव्हा मी आपली काकाच म्हणते.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो टोचत राहिला तर बाकीचं काही तुमच्यापर्यंत पोचायचं नाही. एखादी गोष्ट लक्षात असणं वेगळं आणि ती आपण कुणाकुणाला सांगून झाली हे लक्षात असणं वेगळं. हे दुसरं काम सगळ्यांचंच कच्चं असतं. नायजेल गोपी आणि कॉलिन मॅक्लाउड या मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये यावर प्रयोग केले. पुढे गोपींनी आणखी सहकाऱ्यांबरोबर तरुण आणि वयस्कर अशा दोन गटांची तुलना केली. माणसांना नामांकित लोकांचे फोटो दाखवायचे आणि प्रत्येक फोटोला एक बारीकशी माहिती सांगायला लावायची. नंतर विचारायचं, कुठली माहिती कुणाला सांगितलीत? वयस्कर मंडळींना माहिती आठवत होती, चेहरेही आठवत होते. जोड्या मात्र लागत नव्हत्या. वर, ज्याला सांगून झालं होतं त्याच्याबद्दल 'छे, याला नाही सांगितलं' असं ते तरुणांपेक्षा जास्त ठामपणे म्हणत होते. तेव्हा घंटेची गोष्ट मुलाला शंभरदा ऐकावी लागली यात घाबरण्यासारखं काही दिसत नाही. मात्र एकाच बैठकीत तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, रोजच्या वाटेवर गोंधळायला होतं, औषधांचा किंवा पैशांचा हिशेब चुकायला लागतो, असं तुमच्या किंवा घरच्यांच्या ध्यानात आलं तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, कमी ऐकू येणं, मन उदास असणं यांनीही विसरायला होतं आणि यांवर उपाय आहेत. पत्नीला जाऊन चारच वर्षं झाली आहेत, म्हणून शेवटचं मुद्दाम लिहिलं.

आता तुमच्या पत्रातली दोन वाक्यं. एक, नातीने विचारलं की घंटा कशाची होती आणि कुठे टांगलेली होती. दुसरं, आजकालच्या मुलांना कशाचं कुतूहल नाही. दोन्ही एकाच परिच्छेदात आहेत, काका. मधे फार तर तीन ओळी. मी पत्र वाचताना तिथे थांबले आणि पुन्हा वर गेले.

त्या मुलीला गोष्टीत शिरायचं होतं. तिला ती शाळा डोळ्यांपुढे उभी करायची होती, आणि त्यासाठी तिला घंटा लागत होती. पितळेची थाळी होती की लोखंडी रुळाचा तुकडा? दोरी ओढायची की टोला हाणायचा? सहावीतल्या मुलाचा हात पोचत होता का? हात पोचत नसेल तर कशावर चढला? तुमच्या दृष्टीने हा अडथळा होता, कारण तुम्हाला शेवटाकडे पळायचं होतं. शेवटी काय, तर मार आणि त्या मारामुळे सरळ चाललेलं आयुष्य. तुमच्या लेकाच्या 'शंभरदा'मध्ये मला घंटेपेक्षा त्या शेपटाचा कंटाळा जास्त ऐकू येतो. मुलांचं कान मिटणं शेपटाच्या वासाने सुरू होतं. एकदा कळलं की या गोष्टीच्या शेवटी आपल्यासाठी काहीतरी बांधून आणलंय, की ती गोष्ट राहत नाही, औषध होते.

म्हणून माझं पहिलं सांगणं एवढंच की शेपूट कापा. घंटा वाजली, शाळा धावत सुटली, हेडमास्तर बाहेर आले, इथे थांबा. पुढचं त्यांना विचारू द्या. नाही विचारलं तर नाही विचारलं. उद्या विचारतील.

ऐकणारा लक्ष देत नसेल तर सांगणाऱ्याचंही नुकसान होतं. मोनिशा पसुपती यांनी १९९८ मध्ये सहकाऱ्यांबरोबर हे तपासलं होतं. ज्यांना मन लावून ऐकणारा मिळाला त्यांना ती हकिकत पुढे जास्त तपशिलात आठवली. ज्यांचा श्रोता दुसरीकडेच गुंतलेला होता, त्यांच्या स्वतःच्याच आठवणीतून तपशील गळाले. म्हणजे हेडफोन घातलेल्या कानांना घंटेची गोष्ट सांगत राहिलात तर तुमची घंटाही झिजेल. रोज सगळ्यांना सांगण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, एकालाच, आणि त्याने मागितली तर सांगा. नऊ वर्षांच्या नातवाला अजून हेडफोन लागलेले दिसत नाहीत. सुरुवात त्याच्यापासून करा.

नातवंडांना हे कळून काय मिळणार, असंही कधीतरी तुमच्या मनात येत असेल. अमेरिकेतल्या अटलांटा इथल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवश यांनी या प्रश्नात बरीच वर्षं घातली. सुरुवात ड्यूक यांच्या पत्नीच्या एका निरीक्षणाने झाली. शिकण्यात अडचणी असलेल्या मुलांबरोबर त्या काम करायच्या, आणि त्यांना वाटायचं की ज्या मुलांना आपल्या घरच्यांबद्दल जास्त माहिती असते ती अडचणींना बरी तोंड देतात. मग ड्यूक आणि फिवश यांनी वीस प्रश्न काढले. आजी-आजोबा कुठे वाढले? आई-बाबांची पहिली भेट कशी झाली? तुझं नाव कुणी आणि का ठेवलं? तुझ्या जन्माच्या वेळी काय घडलं? ज्या मुलांना जास्त उत्तरं ठाऊक होती त्यांचा स्वतःवरचा विश्वास आणि आपल्या आयुष्यावर आपला काही ताबा आहे ही जाणीव जास्त दिसली. ड्यूक यांनी स्वतःच बजावलंय की या वीस उत्तरांची घोकंपट्टी करून काही साधणार नाही. ज्या घरात ही उत्तरं सहज मुलांच्या कानांवर पडतात, तिथे माणसं एकत्र बसतात, बोलतात. गुण त्या बसण्याचा असावा. तेव्हा वही भरून मुलांच्या हातात दिली की काम झालं, असं धरून चालू नका.

या संशोधनातलं मला सगळ्यांत पटलेलं निराळंच आहे. घराण्याची हकिकत सांगण्याच्या तीन तऱ्हा त्यांना आढळल्या. आम्ही शून्यातून वर आलो, ही एक. आमचं सगळं होतं आणि गेलं, ही दुसरी. तिसरीत चढही असतो आणि उतारही: काही जमलं, काही फसलं, कुणी आजारी पडलं, कुणाशी बिनसलं, तरी घर टिकलं. मुलांना बळ देते ती ही तिसरी. तुमची चार पानं मी वाचलेली नाहीत, पण 'सामान्य कुटुंबात झाला' या सुरुवातीवरून ती पहिल्या तऱ्हेची असणार असं वाटतं. सामान्य कुटुंबात जन्मलेला माणूस दुसऱ्या पानावर कष्ट करायला लागतो आणि चौथ्यावर त्याचं कष्टांचं सामान संपतं.

माझ्या वडिलांनीही अशी वही लिहिली होती. पहिली चाळीस पानं घराण्याची माहिती, कोण कुठे नोकरीला लागलं, कोणाची बदली कुठे झाली. मला त्यातलं एक नाव आठवत नाही. एका पानाच्या समासात मात्र, बहुधा शाईपेन चालतंय का ते बघताना, त्यांनी लिहिलंय: 'पावसाळ्यात माळ्यावर झोपायचो. पत्र्याचा आवाज. आईचा हात.' मी ती वही उघडते ती या पानावरच.

तेव्हा जन्मापासून सुरुवात करू नका. जन्म तुम्हाला आठवतही नाही. बहुतेकांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. १८७९ मध्ये फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने स्वतःवर एक प्रयोग केला होता. ७५ शब्द वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहिले, एकेक चिठ्ठी उघडायची आणि मनात पहिलं काय येतं ते टिपायचं. तेव्हा तो पन्नाशीच्या पुढे होता, तरी कितीतरी गोष्टी थेट लहानपणच्या आणि तरुणपणच्या निघाल्या. तुम्हीही हेच करा, नाहीतर चिठ्ठ्या नातवंडांना लिहू द्या. दार. कंदील. चप्पल. भीती. शेजारी. कुलूप. ताप. चिठ्ठी उघडली की दहा ओळी लिहायच्या, अकरावी नाही. 'कुलूप' या शब्दाने तुम्ही कुठे जाल, हे तुम्हालाही आत्ता सांगता येणार नाही. दोनशे पानं अशी भरतात.

दुसरा एक रस्ता नकाशाचा आहे. मोठा कागद घ्या आणि स्टेशनपासून घरापर्यंतची वाट आठवणीने काढा. तुमच्या उंचीने नाही, सहावीतल्या मुलाच्या उंचीने. कुठल्या घरापुढून पळत जायचात? कुठे कुत्रं होतं? कुठल्या भिंतीवर बसल्यावर शाळेचं मैदान दिसायचं? दिवसातून दोनदा येणाऱ्या गाडीवर लोक घड्याळं लावायचे का, आणि गाडी उशिरा आली तर अख्खं गाव उशिरा चालायचं का? अशा गावात दिवसाचा आवाज ठरलेला असतो. डोळे मिटून पडलं तरी किती वाजले ते कळतं. शहरात वाढणाऱ्या मुलाला गाडीपेक्षा हे जास्त अद्भुत वाटेल. नाकालाही कामाला लावा. वासांनी जाग्या होणाऱ्या आठवणी बहुतेक वयाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या असतात, असं दिसून आलंय. शब्दांनी आणि चित्रांनी जाग्या होणाऱ्या त्यापुढच्या काळातल्या. जुन्या वहीचा, ओल्या मातीचा, रेल्वेच्या कोळशाचा वास कुठे मिळाला तर दोन मिनिटं उभे राहा.

लिहिण्याचा कंटाळा आला तर बोला. घरात फोन असेलच. पंखा बंद करा, फोन हातभर अंतरावर ठेवा, सुरुवातीला तारीख आणि स्वतःचं नाव सांगा, वीस मिनिटांत थांबा. नात हे काम तुमच्यापेक्षा चांगलं करेल, आणि तिने रेकॉर्ड केलं म्हणजे प्रश्नही तीच विचारेल. ध्वनिफिती एकाच फोनमध्ये ठेवू नका, निदान दोन ठिकाणी ठेवा. जुने फोटो असतील तर मागे मऊ शिसपेन्सिलीने नावं लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. हे फोटोंचं काम लवकर करा. तुमच्यानंतर त्या चेहऱ्यांना नावं देऊ शकणारा एकच माणूस उरेल, आणि त्याच्याशी तुम्ही बोलत नाही आहात.

भावाचं सांगते. घंटा कुणी वाजवली याचा निकाल मी देऊ शकत नाही, आणि तुम्ही दोघंही देऊ शकणार नाही. पण तुमचं भांडण जगावेगळं नाही एवढं ऐका. २००१ मध्ये मर्सिडीज शीन, सायमन केंप आणि डेव्हिड रुबिन यांनी जुळ्या भावंडांच्या आठवणींवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. एकच प्रसंग, आणि जोडीतली दोघंही छातीठोक सांगतात की तो माझ्या बाबतीत घडला. कोण शर्यतीत दुसरं आलं, कोण पडलं, कुणाला शिक्षा झाली. जुळ्यांत हे जास्त घडतं, पण साध्या भावंडांत आणि मित्रांतही घडतं. दोघं एकत्र होतात, दोघांची छाती धडधडत होती, घरी गेल्यावर ती हकिकत कितीदा तरी दोघांच्या तोंडून झाली. एकाने पाहिलेलं दुसऱ्याच्या हातात कधी शिरतं ते कळत नाही. आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते, कपाटातल्या कागदासारखी जशीच्या तशी बाहेर येत नाही. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच हे मांडलं होतं.

आणि जरा विचार करा, तुमचा भाऊ काय मागतोय? मार मागतोय. सत्तरीच्या आसपासचा माणूस हट्टाने म्हणतोय की तो मार माझा. तुम्हीही तेच म्हणताय. त्या घरात एवढ्या मोलाचं काय होतं, की मारावर दोघांनी हक्क सांगावा? मला वाटतं, वडिलांचं लक्ष. माझा अंदाज चुकीचा असेल, तुम्ही त्या घरात होतात, मी नव्हते.

त्याला फोन करा आणि 'तू म्हणतोस तेच खरं' असं अजिबात म्हणू नका. धाकट्या भावांना दादाचं ते औदार्य लगेच कळतं आणि आणखी राग येतो. म्हणा, "तुझी गोष्ट सांग, मी लिहून घेतो." वहीचं डावं पान तुमचं, उजवं त्याचं. घंटा कुठे होती, चपराशी कुठे गेला होता, आपण दोघं तिथे काय करत होतो. सगळं दोनदा. वाचणाऱ्या नातवंडांना खटल्याचा निकाल काढण्यात जी मजा येईल ती तुमच्या एकट्याच्या साक्षीत नाही.

आता ताई. इथे घाई करायची नाही, म्हणून शेवटी ठेवलं.

रॉबर्ट बटलर नावाचे एक अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ होते. त्यांचं लहानपण न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड या गावात आजी-आजोबांकडे गेलं. त्यांच्या तरुणपणी डॉक्टर मंडळी म्हाताऱ्या माणसाच्या आठवणींना बरळणं समजत असत. बटलर यांनी १९६३ मध्ये लिहिलं की उतारवयात मागे वळून पाहणं ही सगळ्यांनाच होणारी, स्वाभाविक प्रक्रिया आहे. माणूस आयुष्याचा ताळा करत असतो. न मिटलेली भांडणं, राहून गेलेल्या गोष्टी वर येतात, त्यांच्याशी काहीतरी समेट करायचा असतो. त्याच लेखात त्यांनी हेही म्हटलं होतं की सगळ्यांचाच ताळा सुखाचा निघत नाही, काही जण अपराधाच्या भावनेत रुतून बसतात. तुम्ही घंटेची गोष्ट शंभरदा सांगता. ताईची एकदाही सांगितलेली नाही. हा हिशेब मला पत्रात दिसला आणि बरंच काही कळल्यासारखं वाटलं.

तुमच्या मनातलं छोटं गाव गोड आहे. स्टेशन, शाळा, दोन वेळची गाडी. सगळे सगळ्यांना ओळखतात, पोरगं कुणाचं ते विचारावं लागत नाही, खोडीची बातमी पोरगं घरी पोचायच्या आत वडिलांपर्यंत गेलेली असते. आता हेच डोळे ताईच्या लग्नाच्या दिवशी आठवून पाहा. तीच गल्ली, तेच शेजारी. वडिलांनी मुलीचं नाव टाकलं ते कुणाच्या नजरेला घाबरून? ज्या गावाने तुम्हाला अंगाखांद्यावर खेळवलं, त्याच गावाच्या धाकाने तुमच्या बहिणीला दार बंद झालं. दोन गावं नाहीत ती. वहीत एकच अर्धं आलं तर नातवंडं ते वाचतील, छान म्हणतील आणि मिटून ठेवतील, कारण त्यात कुणीच खरं राहत नसेल.

तेव्हा लिहा. पण नातवंडांच्या आधी त्या पत्रांवर एका माणसाचा हक्क आहे, तुमच्या भाचीचा. तिच्या आईने लिहिलेली आणि न वाचता परत आलेली ती पत्रं. ती कदाचित ताईने जपून ठेवली असतील, कदाचित भाचीकडे असतील, परत कुणी पाठवली हेही तिला माहीत असेल. एवढी वर्षं लग्नाकार्यात ती तुम्हाला 'मामा, कसे आहात' म्हणत आली आहे, हे लक्षात घ्या. तिला वहीतून कळू देऊ नका. तुमच्या माघारी तर अजिबात नाही. मेलेल्या माणसावर रागावताही येत नाही आणि त्याला माफही करता येत नाही. तिला भेटा, लग्नमंडपात नाही, तिच्या घरी, तिच्या सवडीने. 'वडिलांनी सांगितलं म्हणून' हे पहिलं वाक्य नको. पहिलं वाक्य 'पत्रं मी परत केली' एवढंच असू द्या. वडिलांचं नंतर येईलच, ते खरंही आहे. सोळा वर्षांचं पोर बापाच्या घरात बापाला नाही म्हणू शकत नाही हे तिलाही कळतं. पण पुढची वर्षं तुम्ही सोळाचे नव्हतात, तेही तिला कळतं. ती गप्प बसली तर बसू द्या. माफी मागा, माफ कर असं म्हणू नका. तो निर्णय तिचा, तिच्या वेळेने. ही गोष्ट वहीत लिहिली तर चालेल का, हेही तिलाच विचारा. नको म्हणाली तर नको.

त्याआधी स्वतःपुरतं लिहून पाहा. त्या वहीत नको, सुट्या कागदांवर. १९८६ मध्ये जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी तरुण विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला सलणाऱ्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं होतं. लिहिताना त्रास झाला, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. तुम्ही विद्यार्थी नाही आणि माझी कसली हमीही नाही. चौथ्या दिवशी कागद फाडून टाकले तरी चालतील. एवढंच की भाचीसमोर जाल तेव्हा ही वाक्यं तुम्ही पहिल्यांदाच उच्चारत नसाल. लिहिताना फारच कोंडल्यासारखं झालं, झोप उडाली, तर थांबा आणि समुपदेशकाशी बोला.

नातवंडांचं म्हणाल तर नातीला सांगता येईल, १३ वर्षांचं मूल हे समजू शकतं, आणि खरं सांगायचं तर त्या वयात त्यांना आपल्या माणसांच्या चुकांत फार रस असतो. नातवाचं थांबू शकतं. आपले आजोबा असे होते हे कळावं का, असं विचारलंत. मला वाटतं, त्यांना आत्ता फक्त एवढं माहीत आहे की आजोबा घंटा वाजवून सरळ झाले. ज्या आजोबांच्या हातून एवढं मोठं चुकलं आणि ७३ व्या वर्षी ज्यांनी जाऊन ते सांगितलं, त्यांच्याशी उद्या ती मुलगी स्वतःचं काहीतरी बोलू शकेल. सरळ चाललेल्या माणसाकडे कोण कशाला येईल?

मुलाचं काही लिहिलं नाही मी. त्याच्यावर थोडी दया करा. तो ही गोष्ट त्याच्या लहानपणापासून ऐकतोय.

एक राहिलं. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. शाळा कळली, मार कळला, हेडमास्तर मी माझ्या मनाने घातले. घंटा कशाची होती आणि कुठे टांगलेली होती, ते मात्र तुम्ही मलाही सांगितलेलं नाही. आधी नातीला सांगा. मग जमलं तर मलाही कळवा.